पोथी, पासोडी आणि बावडी : बीडच्या इतिहासाचे वाचक कोण?

मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकविणाऱ्या आम्हा काही प्राध्यापकांना एक गोष्ट प्रारंभीच कबूल केली पाहिजे. मुकुंदराज, दासोपंत, मन्मथस्वामी ही नावे आम्ही गेली पंधरा-वीस वर्षे वर्गात उच्चारीत आलो. त्यांच्या कालनिर्णयाचे वाद फळ्यावर मांडले, प्रश्नपत्रिकांत त्यांवर टिपा विचारल्या. परंतु हे ग्रंथकार ज्या मातीत वावरले ती माती आमच्यापैकी बहुतेकांनी एस.टी.च्या खिडकीतूनच पाहिली होती. गेल्या हिवाळ्यात एम.ए.च्या विद्यार्थ्यांची दोन दिवसांची अभ्याससहल बीड आणि अंबाजोगाईला नेण्याचे ठरले, त्यामागे ही अपराधी जाणीव होती. गाडी मांजरसुंब्याचा घाट उतरू लागली तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, बीडचे म्युझियम कुठे आहे?" त्या प्रश्नाला आम्ही दिलेले उत्तर गुळमुळीत होते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला जरा सावकाश दिलेले उत्तर होय.

बीड हे संग्रहालयासाठी ओळखले जाणारे गाव नव्हे. बालाघाटच्या डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी, पर्जन्यछायेच्या प्रदेशात, बिंदुसरेच्या काठी वसलेले हे शहर बाहेरच्यांना ठाऊक असते ते दुष्काळामुळे, ऊसतोड मजुरांमुळे किंवा सोलापूर-धुळे महामार्गावरील एक थांबा म्हणून. रेल्वे येथे पोहोचली ती २०२५ च्या सप्टेंबरात, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी. तोपर्यंत या शहराशी जगाचा संबंध जोडला तो रस्त्यानेच, आणि रस्त्यावरून जाणारा माणूस सहसा चहापुरता थांबतो. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या मातीतून वेचलेल्या वस्तूंचे संग्रहालय उभे आहे. सातवाहनकाळ पाहावयास अभ्यासक तेथे जातात. बीडमध्ये मात्र वस्तू जेथल्या तेथे आहेत. कोणी त्यांतून पाणी घेतो, कोणी तेथे बेल वाहतो, कोणी चादर चढवितो. त्यांच्यापुढे पाटी नसते, आणि जेथे असते तेथे ती वाचायला कोणी थांबत नाही. येथील वस्तू आपले काय ते अक्षरांत सांगतात, आणि ती अक्षरे निरनिराळ्या लिप्यांतील आहेत. म्हणूनच हा प्रश्न पुरातत्त्वाचा असला तरी आमच्या मते तो प्रथम वाचनाचा, म्हणजे पर्यायाने आमच्या विषयाचा प्रश्न आहे.

खजाना बावडी

शहराच्या दक्षिणेस महामार्गाच्या अंगाला खजाना बावडी आहे. ही गोल बांधीव विहीर हिजरी ९९१ मध्ये, म्हणजे इ. स. १५८३ च्या सुमारास, अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळात सलाबतखानाने बांधविली आणि तिच्या रचनेचे श्रेय राजा भास्कर या स्थपतीला दिले जाते. विहिरीला जमिनीखालून भुयारी नहरी जोडलेल्या आहेत. काहींतून पाणी आत येते, एकीतून ते शहराच्या बाजूच्या शेतमळ्यांकडे जाते. मोट नाही, रहाट नाही. केवळ उताराचा हिशेब. इराणमधील कनात, बीदरची करेज, औरंगाबादच्या पाणचक्कीची नहर आणि अहमदनगरचे खापरी नळ यांच्याच कुळातील ही विद्या होय. इराणच्या कनातींना २०१६ साली जागतिक वारशाचे मानांकन मिळाले. त्याच वर्षी उन्हाळ्यात, बीडपासून दूर नसलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. हा योगायोग वर्गात सांगितला की मुले गप्प होतात.

बावडीच्या नावाविषयी एक दंतकथा सांगतात. सलाबतखानाने सरकारी खजिना या कामी खर्च केला. हिशेब मागितला गेला तेव्हा त्याने खजिना विहिरीत असल्याचे सांगितले. कथा खरी असो वा नसो, लोकस्मृतीने राज्यकर्त्याचा कोणता गुण जपून ठेवला हे तीवरून कळते. शहराच्या नावाविषयीही अशीच एक व्युत्पत्ती प्रचलित आहे. अरबीत 'बिअर' म्हणजे विहीर. निजामी दफ्तरात या गावाचे नाव 'बीर' असे लिहिले जाई. म्हणून बीड म्हणजे विहिरींचे गाव. दुसऱ्या बाजूस चंपावती हे पुराणसंमत नाव आहेच. व्युत्पत्ती ही मोहाची वाट आहे हे भाषाविज्ञान शिकविणाऱ्यांना सांगावयास नको, आणि ही व्युत्पत्ती सिद्ध झाली आहे असे आम्ही म्हणणार नाही. तथापि ज्या गावाच्या नावाचा अर्थ लावताना लोकांना पाणी आठवते त्या गावाचा स्वभाव त्यातून उघड होतो. त्याच बिंदुसरेने १९८९ च्या जुलैत पुराचे रूप दाखविले होते. वर्षानुवर्षे कोरडी राहणारी नदी एका रात्रीत काय करू शकते हे बीडमधील चाळिशीपुढच्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

विद्यार्थ्यांना आम्ही तेथेच एक लहान गणित घातले : हिजरी ९९१ चे इसवी सन काढा. शकाचे त्यांनी चटकन केले असते. अठ्ठ्याहत्तर मिळवले की झाले. हिजरी वर्ष चांद्र असल्याने ते सरळ बेरजेने सुटत नाही, हे बहुतेकांना माहीत नव्हते. खरे सांगावयाचे तर आमच्यापैकीही दोघांना ते मोबाईलवर पाहावे लागले.

शहराच्या लिप्या

तेथून आम्ही कंकालेश्वराला गेलो. चौरस कुंडाच्या मध्यभागी काळ्या पाषाणाचे हे देवालय उभे आहे. अभ्यासक ते साधारणतः यादवकाळाच्या आसपास ठेवतात. भोवती पाणी असल्यामुळे मंदिराला निराळी शोभा येते. भिंतीवरील शिल्पे पाहत प्रदक्षिणा घालताना पायाखाली दगड आणि शेजारी त्या दगडाचे प्रतिबिंब असते. महाशिवरात्रीला येथे जत्रा भरते. मूर्ती झिजल्या आहेत, तरी देऊळ नांदते आहे.

जुन्या शहरात मात्र आमची खरी परीक्षा झाली. बीड हे तुघलक, बहमनी, निजामशाही, मोगल आणि आसफजाही अशा सत्तांच्या हाताखालून गेलेले शहर आहे. मुहम्मद तुघलकाचा एक दात येथे पडला आणि तो त्याने समारंभपूर्वक पुरून त्यावर कबर बांधविली, ही हकिकत फिरिश्त्याने नोंदविली आहे. करजणीच्या टेकडीवरील छोटी वास्तू तीच असे सांगतात. जहांगीराच्या कारकिर्दीच्या अखेरीस, हिजरी १०३६ मध्ये, जान सिपारखानाने बांधविलेली जामा मशीद येथे आहे. शहेनशाहवलींचा दर्गा आहे. मन्सूरशाहवलींचा दर्गा आहे, आणि तो मराठी इतिहासाच्या विद्यार्थ्याने चुकवू नये असाच आहे. कारण महादजी शिंदे मन्सूरशाहांना गुरुस्थानी मानीत. दिल्लीच्या बादशहाचा कारभार हाती ठेवणारा आणि कृष्णभक्तीची पदे रचणारा हा मराठा सरदार बीडच्या एका सूफीपुढे नम्र होत असे. आपल्या पाठ्यपुस्तकांत हे तीन महादजी एकत्र भेटत नाहीत. पूर्वेच्या बाजूस खंडोबाच्या देवळापुढील उंच जोड-दीपमाळा दिसतात. करजणीची टेकडी वगळली तर एका दुपारीत पायी फिरून पाहावे एवढ्या अंतरात हे सारे आहे.

एका गल्लीत जुन्या कबरीच्या उशाशी असलेल्या शिळेपुढे आम्ही थांबलो. कोणाची कबर, कधीची, काही कळेना. आम्ही सर्वजण अक्षरांची वळणे पाहत होतो, म्हणजेच ती वाचू शकत नव्हतो. तेव्हा आमची एक विद्यार्थिनी पुढे झाली. दहावीपर्यंत तिचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले होते. वर्गात ती सहसा मागच्या बाकावर बसे आणि तिच्या मराठी लेखनातील ऱ्हस्वदीर्घ आम्ही लाल शाईने दुरुस्त करीत आलो होतो. ती बोट न टेकवता, हवेतच अक्षरे गिरवीत म्हणाली, "मॅडम, वाचता येतंय थोडं. भाषा फारसी आहे, अर्थ अर्धाच लागतोय." मग तिने सुटे सुटे शब्द उच्चारले आणि आमच्यातील इतरांनी त्यांतले निम्मे ओळखले, कारण ते मराठीतही होते. तारीख, साल, मरहूम. अर्ध्या तासात शिळेवरील वर्ष निघाले. शिळा कोणा सामान्य गृहस्थाची असावी. इतिहासाच्या दृष्टीने शोध काहीच लागला नाही. पण त्या अर्ध्या तासात वर्गातील पुढचा बाक आणि मागचा बाक यांची अदलाबदल झाली, ही गोष्ट आम्हाला विसरता आलेली नाही.

येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. बीड शहराचा पहिला सविस्तर इतिहास लिहिला तो मराठीत नव्हे. काझी मुहम्मद कुतुबुल्लाह यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'तारीख-ए-बीर' हा ग्रंथ उर्दूत लिहिला. बीडविषयी पुढे जे जे लिहिले गेले त्यातील कितीतरी माहिती मुळात या परंपरेतून आलेली आहे. आमच्या आजोबांच्या पिढीला तो सहज वाचता आला असता. निजामी राजवटीत कचेरीची आणि शाळेची भाषा उर्दू होती; १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर उच्च शिक्षणही उर्दूतून दिले जाई. घरी ओवी म्हणणारा मराठवाड्यातील माणूस कचेरीत उर्दूचा अर्ज लिही. १९४८ नंतर मराठीला तिचे हक्काचे स्थान मिळाले. ते न्याय्यच होते, कारण बहुसंख्यांची भाषा राज्यकारभारातून दूर ठेवली गेली होती आणि त्या अन्यायाची आठवण या प्रदेशात अजून जागी आहे. तथापि लादलेली भाषा झुगारताना त्या भाषेत आपल्याच गावाविषयी लिहिलेले वाचण्याचे सामर्थ्यही आपण टाकून दिले. ते टाकावयास हवेच होते असे नाही. निलंग्यात जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींनी ते टाकले नाही. हैदराबाद संस्थानच्या सेवेत असलेल्या या विद्वानाने फारसी साधने मराठीत आणली आणि १९५३ साली सूफी संप्रदायावर मराठीत ग्रंथ लिहिला. त्यांच्यानंतर मराठी विभागांतून त्या वाटेने किती जण गेले, हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःलाच विचारतो.

पाटांगणाची पोथी

बीडचे पाटांगण हे नाव ज्ञानेश्वरीच्या पाठचिकित्सेत अमर झाले आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना ज्ञानेश्वरीची जी जुनी पोथी मिळाली ती येथली. एकनाथांनी केलेल्या शुद्धीकरणाच्या पूर्वीचा पाठ तीत आहे असे राजवाड्यांचे मत होते. १९०९ मध्ये त्यांनी ती छापली आणि तिच्या आधारे 'ज्ञानेश्वरीतील मराठी भाषेचे व्याकरण' लिहिले. जुन्या मराठीच्या अभ्यासाला त्या व्याकरणाने दिशा दिली. त्यांच्या काही निष्कर्षांवर पुढे वाद झाले. पोथी किती जुनी यावरही झाले. अशा वादांचा निकाल लावावयाचा तर मूळ पोथी पुन्हा पाहावी लागते, कागद, शाई, वळण तपासावे लागते. ती पोथी मात्र नंतरच्या अभ्यासकांच्या हाती राहिली नाही. आज आपल्यापाशी आहे ते राजवाड्यांनी केलेले वाचन.

विद्यार्थ्यांना हे सांगताना आमच्या लक्षात आले की आपण एका विलक्षण विरोधापाशी आलो आहोत. शहराचा उर्दू इतिहास आहे, पण आम्हाला तो वाचता येत नाही. पाटांगणाची पोथी वाचली गेली, पण वस्तू उरली नाही. एका ठिकाणी वाचक हरवला, दुसऱ्या ठिकाणी ग्रंथ. संग्रहालय या शब्दाचा अर्थ आपण वस्तू सांभाळणारे घर एवढाच करतो. प्रत्यक्षात वस्तू आणि वाचक ही दोन्ही एका छपराखाली आणणे हे त्याचे काम आहे.

अंबाजोगाईत

दुसऱ्या दिवशी आम्ही केजमार्गे अंबाजोगाईस गेलो. निजामी अमदानीत हे मोमिनाबाद होते, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी येथे होती. त्यापूर्वी यादवकाळात हे आंबे नगर. सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर येथलाच. त्याचे संस्कृत शिलालेख ग. ह. खरे यांनी प्रसिद्ध केले. त्यांतील शके ११६२, म्हणजे इ. स. १२४० चा लेख आम्हाला सर्वांत अधिक भावला. खोलेश्वराचा पुत्र राम हा गुजरातच्या स्वारीत मारला गेला. त्याची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ रामनारायणाचे देवालय बांधविले. राजप्रशस्तीच्या ठरीव अलंकारांतून एका बहिणीचे दुःख असे अवचित समोर येते. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या लेखाला जागा नाही, कारण तो संस्कृतात आहे. परंतु तो कोरला गेला तेव्हा याच गावात मराठी ग्रंथरचनेची परंपरा उभी राहत होती असे आपण मानतो. एकाच गावातील ही दोन लेखने निरनिराळ्या विभागांत वाटली गेली, याचे कारण आपली अभ्यासमंडळे आहेत. त्या गावाने तशी विभागणी केलेली नव्हती. ग. ह. खरे हे संस्कृत शिलालेखही वाचीत आणि फारसी फर्मानेही, हे या संदर्भात मुद्दाम सांगावेसे वाटते.

मुकुंदराजांची समाधी गावाबाहेर डोंगराच्या दरीत आहे. विवेकसिंधूचा शके १११० हा रचनाकाल आणि ग्रंथातील अंबानगरी म्हणजे कोणते गाव, या दोहोंविषयी मतभेद आहेत. मराठवाड्यातील अभ्यासक अंबाजोगाई म्हणतात, विदर्भातील अभ्यासक वैनगंगेकाठचे आंभोरा पुढे करतात. आम्ही येथला पक्ष घेऊन गेलो होतो हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु पायऱ्या उतरून समाधीपाशी बसल्यावर त्या वादाचा आवेश ओसरला. आद्यकवी कोणत्या जिल्ह्याचा हा प्रश्न तेथे थोडा लहान वाटला. हा ग्रंथ आज कोण वाचतो हा मोठा वाटला. सहलीतील बावीस विद्यार्थ्यांपैकी विवेकसिंधूचे एक संपूर्ण प्रकरण कोणीही वाचले नव्हते. नेमलेला उतारा तेवढा वाचला होता. त्यात दोष त्यांचा नाही.

आणि मग दासोपंतांची पासोडी. १५५१ ते १६१५ हा दासोपंतांचा काळ. एकनाथांचे ते समकालीन. वडील बीदरच्या अमलातील देशपांडे होते. दुष्काळात सरकारी धान्य लोकांना वाटल्यामुळे वसूल भरता आला नाही आणि बाल दासोपंताला बादशहाने ओलीस ठेवले, अशी कथा त्यांच्या चरित्रात येते. दुष्काळात धान्य वाटणारा वतनदार आणि खजिना विहिरीत घालणारा सलाबतखान, या दोन कथा धर्माने वेगळ्या गणल्या गेल्या तरी या कोरड्या मुलखाने त्या एकाच कारणासाठी जपल्या असाव्यात असे आम्हाला वाटते. या दासोपंतांनी गीतार्णवासारखा प्रचंड ग्रंथ रचला आणि पंचीकरणाचा विषय आकृत्यांसह एका लांबच लांब खादीच्या पासोडीवर लिहिला. पासोडी म्हणजे अंगावर घ्यावयाचे जाड वस्त्र. कागद होता, पोथ्या लिहिल्या जात होत्या. तरीही तत्त्वज्ञान पसरून दाखविण्यासाठी त्यांनी वस्त्र निवडले. मराठीतील दृश्य आणि शब्द यांच्या संयोगाचे एवढे जुने आणि एवढे मोठे उदाहरण दुसरे आम्हास ठाऊक नाही. न. शे. पोहनेरकरांनी तिचे संपादन केले, म्हणून ती विद्वानांपर्यंत पोहोचली. मूळ वस्त्र अंबाजोगाईतच, दासोपंतांच्या परंपरेत, श्रद्धेने सांभाळले गेले आहे. ती आमच्यासाठी उलगडून दाखवावी असा आग्रह आम्ही धरला नाही. चार शतकांच्या कापडाला प्रत्येक उलगडणे म्हणजे एक झीज आहे. पाटांगणाची पोथी गेली आणि पासोडी राहिली, याचे कारण पासोडीला घर होते आणि त्या घराला ती आपली वाटत होती. मात्र पूजेतील वस्तूला वाचक मिळतोच असे नाही. अभ्यासक्रमात पासोडी अजूनही एका वाक्यापुरतीच येते : दासोपंतांनी पासोडीवर ग्रंथ लिहिला. त्यात काय लिहिले आहे, आकृत्या शब्दांशी कशा बोलतात, हे आम्ही कधी शिकविले नाही.

परतीच्या वाटेवर मांजरसुंब्याजवळ कपिलधारला, मन्मथस्वामींच्या समाधीपाशी थोडे थांबलो. 'परमरहस्य' लिहिणारा हा वीरशैव कवी मराठीचाच. तेवढ्या दोन दिवसांत शैव, नाथ, दत्त, सूफी आणि वीरशैव अशा परंपरांच्या उंबऱ्यांना आम्ही लागून आलो होतो, तेही एका जिल्ह्याच्या हद्दीत. प्रत्येक उंबऱ्यावर लिपी बदलत होती, कालगणना बदलत होती. पाण्याची चिंता तेवढी सर्वत्र सारखी होती.

म्युझियमविषयी विचारणारा तो विद्यार्थी गाडीत आमच्या शेजारी बसला होता. त्याला आम्ही सांगितले ते असे : बीडच्या वस्तूंना काचेची कपाटे मिळोत, छप्पर मिळो, पहारेकरी मिळोत, हे सारे व्हावयास हवे आणि त्यासाठी मागणीही करावयास हवी. पण उद्या ते सारे झाले तरी कपाटापुढे उभे राहून वाचणार कोण? देवनागरी येणाऱ्याला मोडी येत नाही, मोडी येणाऱ्याला फारसी येत नाही, आणि फारसी अक्षरे ओळखणाऱ्या मुलीला आपण मागच्या बाकावर बसवितो.

या सत्रापासून आम्ही विभागात शनिवारी एक तास ठेवला आहे. त्याला गुण नाहीत, परीक्षा नाही. अर्धा तास मोडी आणि अर्धा तास नस्तालीक. मोडी आमच्यातील एक जण शिकवितो. नस्तालीकची अक्षरे ती विद्यार्थिनी शिकविते, आणि आम्ही प्राध्यापक पहिल्या बाकावर वह्या घेऊन बसतो. अलिफ आणि लाम यांची जोडणी आम्हाला अजून नीट जमत नाही. ती लाल शाईने दुरुस्त करते.